बकाण

माळी म्हणाला, कडुनिंबच आहे हे, बाई,
फक्त फुलं जांभळी.
अर्धं खरं होतं ते,
आणि अर्धं खरं नर्सरीत नेहमी स्वस्त मिळतं.

मानेवाड्याला तेव्हा आमच्या प्लॉटवर
बोअर, चार पिलर, आणि काळी माती.
उन्हाळ्यात भेगाळायची अशी
की पडलेली किल्ली काढायला चिमटा लागायचा.
तिथं लावलं.
तिसऱ्या वर्षी गच्चीला टेकलं,
चौथ्या वर्षी मार्चमध्ये,
अंगावर धड पानं नसताना
फिकट जांभळं होऊन उभं राहिलं.
कूलरची खस बदलायला आलेला पोरगा
शिडीवरून वास घेत राहिला,
म्हणाला, कोणतं अत्तर शिंपडलं?

खरं नाव मला उशिरा कळलं.
मला!
मेडिकलच्या औषधभांडारात तेहतीस वर्षं
लाल चिठ्ठीच्या बाटल्या कुलपात ठेवणारी,
किल्ली पदराला बांधून जेवायला जाणारी मी.
आणि माझ्याच अंगणात उघड्यावर
घोसाघोसांनी पिवळ्या गोळ्या,
ना चिठ्ठी, ना मात्रा,
ना रजिस्टरवर कुणाची सही.

डिसेंबरात निमज्यांच्या कुत्रीनं सात-आठ खाल्ल्या.
रात्री तिचे पाय कापायला लागले.
ऑटोत मांडीवर घेऊन मीच बसले,
जनावरांच्या दवाखान्यापर्यंत
तिचं नाव घेत, जे मला तोवर नीट ठाऊकही नव्हतं.
चंपी.
जगली.
निमजे वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या,
काहून ठेवलं वं हे? वैरी पोसून राहिली का अंगणात?
आणि मग महिनाभर काहीच म्हणाल्या नाहीत.

तोडायचं ठरलं.
ठरता ठरता मे आला.
लाकूडतोड्या आला दुपारी साडेबाराला,
पारा सेहेचाळीसवर.
झाडाभोवती फिरला, बुंध्यावर थाप मारली,
बाराशे, म्हणाला.
मग डबा सोडला खाली सावलीतच,
भाकर, तिखट, कांदा.
जेवला. कुऱ्हाड उशाला घेऊन
तासभर घोरला.
उठला आणि वर पाहत म्हणाला,
दिवाळीनंतर पाहू, बाई.
पाण्याचा तांब्या परत देताना
पैशांचं काही बोललाच नाही.

दिवाळीनंतर तो आला नाही.
पानं गेली मात्र एकेक करून,
आणि फांद्यांमधून ऊन उतरलं
ते थेट माझ्या गुडघ्यांवर.
पाचशे रुपयांच्या तेलानं झालं नव्हतं
ते त्यानं फुकट केलं.

तेव्हापासून असं आहे :
सकाळी सहाला झाडू, बादली, हातमोजे.
थंडी असो, ताप असो.
निवृत्त झाल्यावर कशासाठी उठायचं
हा प्रश्न पडायचा मला,
तो आता पडत नाही, फळं पडतात.
बुलबुल वर बसून खुशाल खातात.
त्यांची मात्रा त्यांना ठाऊक.
माणसाच्या लेकराला सांगावी लागते.

निमज्यांची नात फाटकाच्या गजांतून हात काढते,
अडीच वर्षांची, नाकात कायम शेंबूड.
मी झाडू थांबवते.
एक फळ उचलून दाखवते, डोळे वटारते.
ती बोट नाचवते :
छी. आजीचं छी.
आणि लगेच, तेवढ्याच आनंदानं, वर :
फूल कधी?
मार्चमध्ये, म्हणते मी.
मार्च म्हणजे काय हे तिला ठाऊक नाही,
पण मान डोलावते.

गाभा कुजवून काढला की आत बी,
पाच कण्यांची,
आणि तिला जन्मतःच आरपार भोक.
जणू सुई आधीच कुणीतरी घालून पाहिलेली.
गेल्या आठवड्यात एकशे आठ ओवल्या,
जप कुणाचा करायचा ते ठरलेलं नाही.
माळ खिळ्याला लावलीय,
लहान हात पोचणार नाही इतक्या उंच,
आणि खाली, सवयीनं,
लाल शाईची चिठ्ठी.